नवा सांधा आणि रुग्णालयांतील दिवस

गेल्या पावसाळी सत्रांत इयत्ता नववीच्या वर्गांत शरीररचनेचा धडा चालू असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून आम्हांस एक प्रश्न विचारिला. "सर, आमच्या आजीचा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया सोमवारीं झाली आणि शुक्रवारीं तिला घरीं पाठवून दिलें. तिला अजून काठीवांचून चालतांही येत नाहीं. बाबा म्हणतात, दवाखान्यास खाट मोकळी करावयाची होती, म्हणून घालवून दिलें. हें खरें काय?" त्याचें बोलणें संपतें न संपतें तोंच आणखी दोघांनीं हात वर केले. एकाच्या आजोबांचा खुबा बदललेला होता, दुसऱ्याच्या मावशीचे दोन्ही गुडघे बदलावयाचे होते. इतक्यांत तास संपल्याची घंटा झाली आणि आमचें उत्तर अर्धेंच राहिलें. तें पुरें करावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे. त्या मुलाच्या प्रश्नानें आमच्या स्वतःच्या घरांतील एक जुनी चूकही आम्हांस आठवली. तीही योग्य स्थळीं सांगूं.

प्रथम सांधा म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. खुब्याचा सांधा उखळीचा आहे. मांडीच्या हाडाचें वाटोळें डोकें कमरेच्या हाडांतील खोलगट वाटींत सर्व बाजूंनीं फिरतें. गुडघ्याचा सांधा मुख्यत्वें बिजागरीसारखा आहे. मांडीचें हाड, नडगीचें हाड आणि पुढील वाटी हीं तेथें एकमेकांवर सरकतात. हाडांचीं टोकें जेथें परस्परांस भिडतात, तेथें त्यांवर कूर्चेचा पांढरा व अत्यंत गुळगुळीत थर असतो. या थरांत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळें तो एकदां झिजला म्हणजे पूर्ववत् भरून येत नाहीं. मग हाडावर हाड घासूं लागतें. उठतांना कळ येते, जिना चढवत नाहीं, रात्रीं झोंप मोडते, पाय हळूहळू वांकडा होतो. वृद्धापकाळची झीज, आमवात, जुना अपघात, खुब्याच्या बाबतींत हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटणें, अशीं याचीं कारणें अनेक आहेत. औषधें, व्यायाम आणि वजन कमी करणें हे उपाय थकले म्हणजे मगच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

शस्त्रक्रियेंत काय करितात? गुडघ्यांत हाडांचीं झिजलेलीं टोकें नेमक्या मापानें कापून त्यांवर धातूच्या टोप्या बसवितात, आणि दोहोंमध्यें पॉलिएथिलीन नांवाच्या कठीण प्लॅस्टिकची गादी ठेवितात. खुब्यांत धातूचा दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळींत उतरवून त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा चढवितात, आणि कमरेच्या हाडांत नवी वाटी बसवितात. बहुधा एक ते दोन तासांत हें काम उरकतें. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. गुडघा "बदलला" असें आपण म्हणतों खरें. परंतु सबंध गुडघा कोणी काढून टाकीत नाहीं. बदलतो तो केवळ झिजलेला पृष्ठभाग. भोंवतालचे स्नायू, बंध, शिरा, कातडी हीं सर्व जुनींच राहतात. ज्या रासायनिक सिमेंटानें हे धातूचे भाग पुष्कळदां बसवितात, तें १० ते १५ मिनिटांत घट्ट होतें. म्हणजे रुग्ण शस्त्रगृहांतून बाहेर येतो, तेव्हां त्याचा नवा सांधा भार घेण्यास तयारच असतो! बरें व्हावयाचें असतें तें त्याभोंवतालच्या कापल्या गेलेल्या जिवंत मांसास. आणि मांस बरें होण्यास दिवस नव्हे, आठवडे व महिने लागतात.

यावरून आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर निघतें. रुग्णालयांतील मुक्काम हा "बरें होण्याचा" काळ नव्हेच. रुग्ण घरीं सुरक्षितपणें राहूं शकेल अशा अवस्थेस येईपर्यंतचा तो काळ आहे. बरें होणें हें पुढें घरीं व्हावयाचें असतें. या दोन काळांची आपण गल्लत करितों, आणि तेथेंच सर्व गैरसमजाचें मूळ आहे.

हा मुक्काम पूर्वीं इतका लहान नव्हता. या शस्त्रक्रियेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. इ. स. १८९० मध्यें बर्लिन येथील थेमिस्टोक्लीस ग्लुक या शस्त्रवैद्यानें क्षयानें सडलेल्या गुडघ्यांत हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला. परंतु जंतुदोषामुळें ते सांधे टिकले नाहींत. १९३८ मध्यें लंडन येथील फिलिप वाइल्स यांनीं पोलादाचा संपूर्ण खुबा बसविला. तथापि या विद्येस खरें स्थैर्य आलें तें इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांतल्या राइटिंग्टन रुग्णालयांत. पूर्वीं क्षयरोग्यांसाठीं असलेल्या या रुग्णालयांत जॉन चार्न्ली नांवाचे शस्त्रवैद्य काम करीत. त्यांनीं प्रथम वाटीसाठीं टेफ्लॉन हा पदार्थ वापरिला. सुमारें ३०० रुग्णांस तसे खुबे बसविले, आणि थोड्याच वर्षांत तो पदार्थ झिजून त्याच्या कणांनीं आंतील मांस सुजूं लागलें. पुष्कळांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. या कणांचा परिणाम नक्की काय होतो, हें पाहण्यासाठीं चार्न्ली यांनीं ते स्वतःच्या मांडींत टोंचून घेतले. आपली चूक दुसऱ्याच्या शरीरावर पडली असतां तिची परीक्षा स्वतःच्या शरीरावर करणारा हा पुरुष आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

पुढें १९६२ मध्यें एका विक्रेत्यानें त्यांच्या कारखान्यांत पॉलिएथिलीनचा एक तुकडा आणून दिला. चार्न्ली यांस तो निरुपयोगी वाटला. परंतु त्यांचे कारागीर हॅरी क्रेव्हन यांनीं, चार्न्ली बाहेरगांवीं गेले असतां, तो झिजण्याच्या यंत्रावर चढविला. तीन आठवड्यांनंतरही तो टेफ्लॉन एका दिवसांत झिजे त्याहून कमी झिजला होता. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत या नव्या पदार्थाची वाटी प्रथम रुग्णास बसविली गेली, आणि आजही या कामांत त्याच जातीच्या पदार्थाची सुधारलेली आवृत्ति वापरितात. चार्न्ली यांस १९७७ मध्यें "सर" ही पदवी मिळाली. त्याच रुग्णालयांत १९६८ च्या सुमारास कॅनडाहून आलेल्या फ्रँक गन्स्टन यांनीं गुडघ्याच्या नव्या पद्धतीच्या सांध्याचा प्रयोग केला, आणि १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क येथील जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आजच्या गुडघ्याचा नमुना सिद्ध केला. आपल्याकडे सामान्य जनांच्या तोंडीं या शस्त्रक्रियेचें नांव झालें, त्यास एक प्रसंग बराच कारण झाला. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्यें व दुसऱ्यावर जून २००१ मध्यें मुंबई येथील ब्रीच कँडी रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन राणावत यांनीं शस्त्रक्रिया केली. देशाचा पंतप्रधान काठी टेंकीत हिंडूं फिरूं लागलेला लोकांनीं पाहिला, आणि पुष्कळांचें भय मोडलें.

त्या आरंभींच्या काळांत रुग्णास आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवीत. नवा सांधा निखळेल, जखम उसवेल, अशी भीति असे. आणि विश्रांति हीच सर्व दुखण्यांची माता औषधि, ही समजूत तर जगांत सर्वत्र होती. ती हळूहळू ढासळली. अमेरिकेंतील वृद्धांच्या सरकारी विमायोजनेच्या नोंदी पाहिल्या, तर खुबा बदललेल्यांचा सरासरी मुक्काम १९९१-९२ मध्यें ९.१ दिवस होता, तो २००७-०८ मध्यें ३.७ दिवसांवर आला. गुडघ्याच्या बाबतींतही तो १९९० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ७.९ दिवस होता, तो २००७ ते २०१० या काळांत ३.५ दिवस झाला. डेन्मार्कांत २००० सालीं हा मुक्काम १० ते ११ दिवसांचा असे, तो २००९ पर्यंत सुमारें ४ दिवसांचा झाला.

डेन्मार्कांतील हा पालट ज्यांच्या विचारानें घडला, ते हेन्रिक केलेट नांवाचे शस्त्रवैद्य होत. त्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत एक साधा प्रश्न विचारिला: रुग्ण आज रुग्णालयांत कां आहे? प्रत्येक रुग्णाच्या खाटेजवळ उभें राहून हाच प्रश्न विचारावा, आणि जें कारण निघेल त्यावर इलाज करावा, अशी ही रीति. खुबा व गुडघा बदललेल्यांविषयीं त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा शोध घेतला, तेव्हां मुख्य कारणें तीन आढळलीं: वेदना, उठतांना येणारी भोंवळ, आणि सर्वसाधारण अशक्तपणा. या तिन्हींत सांध्याचें नांवही नाहीं, हें पहा!

मग एकेका कारणाचा पाठपुरावा झाला. वेदनेसाठीं एकाच जालीम अफूजन्य औषधावर विसंबण्याऐवजीं निरनिराळ्या जातींचीं सौम्य औषधें थोडथोडीं मिळून देऊं लागले. कारण अफूच्या जातीच्या औषधानें वेदना शमते, पण मळमळ, गुंगी व भोंवळ वाढते. सबंध शुद्धि हरपणाऱ्या भुलीऐवजीं पुष्कळदां पाठीच्या कण्यांत सुई देऊन कमरेखालचा भाग तेवढा बधिर करूं लागले. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड नांवाच्या औषधानें रक्तस्राव कमी झाला, म्हणून अशक्तपणा व रक्त चढविण्याची गरजही घटली. लघवीची नळी, जखमेंतील नळी, हीं पूर्वीं दिवसेंदिवस ठेवीत. तीं आतां शक्य तेथें लावीतच नाहींत, अथवा लौकर काढतात, कारण नळीनें जखडलेला मनुष्य चालणार कसा? रुग्णास उपाशी ठेवण्याचा काळ आंखूड केला. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, शस्त्रक्रियेपूर्वींच रुग्णास व त्याच्या घरच्यांस बसवून पुढें काय काय होणार तें समजावून सांगूं लागले. हा शेवटचा उपाय शिक्षकाच्या धंद्यांतला आहे, म्हणून तो आम्हांस विशेष आवडतो.

एवढें करूनही अंथरूण लौकर सोडण्याची घाई कां, असें कोणी विचारील. याचें कारण असें कीं, पडून राहणें हें निरुपद्रवी नसतें. पाय हालला नाहीं म्हणजे पोटरीच्या शिरांत रक्त सांकळतें आणि त्याची गुठळी होण्याचा संभव असतो. ती सुटून फुप्फुसांत जाऊन अडकली, तर प्राणावर बेततें. उताणें पडलेल्या वृद्धाच्या छातींत कफ सांचतो, पाठीस व टांचेस शय्याव्रण होतात, शौचास साफ होत नाहीं. मांडीचा स्नायु तर इतक्या त्वरेनें रोडावतो कीं, थोड्या दिवसांत गमावलेली शक्ति परत मिळविण्यास आठवडे लागतात. म्हणून आज बहुतेक ठिकाणीं शस्त्रक्रियेच्याच दिवशीं सायंकाळीं, अथवा फार तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं, रुग्णास वॉकर देऊन उभें करितात.

सर्वसाधारण क्रम असा असतो. पहिल्या दिवशीं खाटेच्या कडेस बसणें, उभें राहणें व चार पावलें टाकणें. दुसऱ्या दिवशीं शौचकूपापर्यंत जाणें, खुर्चीवर बसून जेवणें, गुडघा वांकविण्याचा व सरळ करण्याचा व्यायाम. तिसऱ्या दिवसाच्या आसपास ओवरींत फेऱ्या आणि दोन चार पायऱ्या चढणें-उतरणें. जेव्हां रुग्ण वॉकर अथवा कुबडी घेऊन स्वतः चालतो, खाटेवरून आपला आपण उठतो, शौचास जाऊं शकतो, वेदना तोंडानें घ्यावयाच्या गोळ्यांनीं आटोक्यांत राहते, अन्न पचतें, जखम कोरडी असते व ताप नसतो, तेव्हां त्यास घरीं जाण्यास हरकत नसते. हें किती दिवसांत साधेल? बहुतेकांस एक ते चार दिवसांत. परदेशांत निवडक रुग्णांस त्याच दिवशींही घरीं सोडतात. अमेरिकेंतील सरकारी विमायोजनेनें २०१८ मध्यें गुडघ्यासाठीं व २०२० मध्यें खुब्यासाठीं रुग्णालयांत दाखल होण्याची सक्ति काढून टाकिली. म्हणून सोमवारीं शस्त्रक्रिया व शुक्रवारीं घर, हें कांहीं हाकलून देणें नव्हे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही दाखविली पाहिजे. दिवस कमी झाले, म्हणजे सर्व उत्तम झालें, असें नाहीं. वर सांगितलेल्या अमेरिकन नोंदींतच असें दिसतें कीं, खुबा बदललेल्यांपैकीं परस्पर स्वगृहीं जाणाऱ्यांचें प्रमाण पूर्वीं शेंकडा ६८ होतें, तें शेंकडा ४८ वर उतरलें. बाकीच्यांपैकीं पुष्कळ शुश्रूषागृहांत गेले. म्हणजे मुक्काम आंखुडला त्यांतील कांहीं भाग केवळ एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर ढकलला गेला. दिवस मोजून नव्हे, तर वरील लक्षणें मोजूनच रुग्णास सोडावें, हें यांतील तात्पर्य. ज्यांस हृदयविकार अथवा आटोक्यांत नसलेला मधुमेह आहे, जे अत्यंत वृद्ध आहेत, ज्यांचे दोन्ही गुडघे एकदम बदलले आहेत, ज्यांच्या घरीं पाहणारें कोणी नाहीं, त्यांस अधिक दिवस लागतात आणि ते द्यावेत. पडल्यामुळें खुब्याचें हाड मोडून ज्यांस तो बदलावा लागतो, त्यांची गोष्ट तर निराळीच. तेथें आधीं तयारीस अवसर मिळत नाहीं, आणि मुक्काम बहुधा लांबतो. घरच्यांस शंका वाटली, तर "आमच्या रुग्णास अमुक जमतें काय, तें आम्हांसमोर करवून दाखवा," असें नम्रपणें पण स्पष्टपणें विचारण्याचा त्यांस अधिकार आहे. खर्चाचीही चिंता असते. भारत सरकारनें ऑगस्ट २०१७ मध्यें गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किंमतीवर मर्यादा घातली, आणि सर्वांत अधिक वापरांतील सांध्याची कमाल किंमत कराशिवाय सुमारें ५५ हजार रुपये ठरली; तरी रुग्णालयाचा व भुलीचा खर्च निराळा असतो, आणि तो आधीं विचारून घ्यावा.

आतां आमच्या घरची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मातोश्रींचा उजवा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. पांचव्या दिवशीं आम्ही त्यांस घरीं आणिलें. निघतांना आम्हांस एक छापील कागद मिळाला. तो इंग्रजींत होता. आम्ही पदवीधर, तो चाळला आणि फडताळांत ठेविला. दिवसांतून तीन वेळां गुडघा वांकवावयाचा व सरळ करावयाचा, असें त्यांत लिहिलें होतें. पहिल्याच दिवशीं गुडघा वांकवितांना आईच्या डोळ्यांतून घळघळां पाणी आलें. "अरे, राहूं दे रे आजच्या दिवस," ती म्हणाली; आणि आम्ही राहूं दिलें. दुसऱ्या दिवशींही राहूं दिलें. गुडघ्याखालीं मऊ उशी ठेविली, कारण तेणेंकरून तिला बरें वाटे. शेजारच्या बायका पायाचें सूप घेऊन येत आणि म्हणत, "आजी, मुळीं उठूं नका हो. जन्मभर राबलांत, आतां पडून रहा." आमची मुलें आजीस पाण्याचा पेलाही हातांत नेऊन देत. सगळें घर तिच्या सेवेस लागलें होतें, आणि ती सेवा पाहून आम्हांस समाधान वाटत होतें.

सहाव्या आठवड्यांत डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं पाय हातीं घेतला. गुडघा ६० अंशांच्या पुढें वांकेना, आणि उशीच्या संवयीनें पुरता सरळही होईना. येथें विद्यार्थ्यांनीं कंपासपेटींतील कोनमापक हातीं घ्यावा. पाय सरळ असतां ० अंश धरले, तर सपाट जमिनीवर चालण्यासच गुडघा सुमारें ६० ते ६५ अंश वांकावा लागतो. जिना चढण्यास ९० च्या आसपास, आणि सामान्य खुर्चीवरून सहज उठण्यास त्याहून थोडा अधिक. म्हणजे आमच्या आईस नव्या गुडघ्यानें धड चालतांही येणार नव्हतें. डॉक्टर रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "माझें काम दीड तासाचें होतें. तुमचें सहा आठवड्यांचें होतें." आईस पुन्हा रुग्णालयांत नेऊन, पुन्हा भूल देऊन, आंत चिकटलेले पापुद्रे तोडण्यासाठीं गुडघा बळानें वांकवावा लागला. त्यानंतर आम्ही प्रत्येक दिवशीं तीन वेळां तिच्याजवळ बसलों. ती रडली, आम्ही मोजलें. आज तिचा गुडघा ९५ अंशांपर्यंत वांकतो. ती बाजारांत जाते, पण जिना एक एक पायरी करूनच चढते. जन्मभर प्रार्थनेच्या वेळीं गुडघे टेंकणारी ती आतां खुर्चीवर बसून मस्तक लववते. नव्या गुडघ्यावर टेंकणें कोणासही अवघडच जातें, असें डॉक्टर सांगतात. पण जिन्याची अडचण मात्र आमच्या मायेनें केलेली आहे, हें आम्हांस ठाऊक आहे.

म्हणून ज्यांच्या घरीं असा रुग्ण आहे, त्यांच्यासाठीं कांहीं गोष्टी येथें मांडून ठेवितों. टांके बहुधा १० ते १४ दिवसांत काढतात. गुडघा दोन आठवड्यांच्या आसपास ९० अंशांपर्यंत वांकावा, असा प्रयत्न असतो. वॉकर अथवा काठी चार ते सहा आठवडे लागते. बैठें काम करणारा मनुष्य सहा ते बारा आठवड्यांत कामावर जाऊं शकतो. मोटार चालविणें सहा आठवड्यांच्या आसपास, तेंही डॉक्टरांच्या अनुज्ञेनें. सूज व ऊब कित्येक महिने राहते, आणि पुरती शक्ति येण्यास एक वर्षही लागतें. गुडघ्याचा व्यायाम दुःखदायक असतो. वेदनाशामक गोळी त्याच्या अर्ध्या तासापूर्वीं द्यावी. टांचेखालीं उशी चालेल, गुडघ्याखालीं नको. खुबा बदलला असल्यास, डॉक्टर सांगतील तोंपर्यंत, पायावर पाय टाकूं नये, फार खालीं वांकूं नये, बुटक्या आसनावर बसूं नये. अन्यथा गोळा वाटींतून निसटण्याचें भय असतें. रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून दिलेलें औषध पुरे दिवस द्यावें; खुब्यासाठीं तें सुमारें पांच आठवडे, गुडघ्यासाठीं सुमारें दोन आठवडे देण्याचा प्रघात आहे.

आपल्याकडे जमिनीवर बसण्याची, मांडी घालण्याची व उकिडवें बसून शौचास जाण्याची चाल आहे. नव्या गुडघ्याचें उकिडवें बसण्याशीं जमत नाहीं. यास्तव रुग्ण घरीं येण्यापूर्वींच कमोडाची खुर्ची, न्हाणींत धरावयास दांडी, उंच खाट व हातांची खुर्ची यांची सोय करावी. वाटेंतील चटया, सतरंज्या व तारा उचलाव्या. पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागली, छातींत कळ येऊन श्वास लागला, जखमेंतून पाणी अथवा पू येऊं लागला, थंडी वाजून ताप आला, पडल्यानंतर पायावर भार घेतां येईना, तर घरगुती उपाय न करितां तात्काळ रुग्णालय गांठावें.

हा सांधा किती वर्षें टिकतो, असेंही मुलांनीं विचारिलें होतें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें, २५ वर्षांनंतर बदललेल्या खुब्यांपैकीं शेंकडा सुमारें ५८, आणि गुडघ्यांपैकीं शेंकडा सुमारें ८२ टिकून होते. पंचवीस वर्षें चालावयाच्या वस्तूसाठीं पहिले सहा आठवडे कष्ट घेणें जड वाटूं नये.

आतां त्या विद्यार्थ्यास आमचें पुरें उत्तर असें आहे. बाळ, तुझ्या आजीस कोणी घालवून दिलें नाहीं. रुग्णालयानें आपला भाग संपविला, आणि पुढचा भाग तुमच्या स्वाधीन केला. शाळेंतून घरीं गेलास, म्हणजे तिला पाण्याचा पेला नेऊन देऊं नकोस. तिच्याबरोबर स्वयंपाकघरापर्यंत चालत जा आणि दोघें मिळून पाणी प्या. संध्याकाळीं कोनमापक घेऊन तिच्याजवळ बस, आणि आज किती अंश झाले तें वहींत लिही. ती "आजच्या दिवस राहूं दे" म्हणेल. त्या वेळीं तिचा हात धर, पण राहूं देऊं नकोस. आम्हीं तें राहूं दिलें होतें.